नागपुरात अझेलिया: आधी पावसाचं पाणी, मग झाड

नागपुरात अझेलिया लावायचा विचार असेल तर नर्सरीत जायची घाई करू नका. आधी गच्चीवर, पत्र्याच्या पन्हाळीखाली, झाकणाचा एक २०० लिटरचा ड्रम ठेवा आणि पावसाळा येऊ द्या. झाडाआधी ड्रम कशाला, हे मलाही कुणी वेळेवर सांगितलं असतं तर दोन झाडं वाचली असती.

पहिलं झाड मी अंगणात, गुलाबाच्या रांगेत लावलं होतं. डिसेंबरात आणलं तेव्हा गुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं. संक्रांतीपर्यंत सगळं ठीक. मग नवी पानं पिवळी यायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. होळीला झाडाची काडी झाली. मी म्हटलं, ऊन लागलं. पण होळीला आपल्याकडे ऊन असतंच किती! झाड मेलं होतं आमच्या मातीनं आणि आमच्याच पाण्यानं. दुसऱ्याला शेजारच्या काकूंच्या सल्ल्यानं अंड्याची टरफलं कुटून घातली, ते पहिल्यापेक्षाही लवकर गेलं. तिसरं मात्र अजून आहे.

हे झाड मुळात कुठलं

अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातलं झुडूप. उत्तराखंडात किंवा हिमाचलात गेलेल्यांनी लालभडक बुरांश पाहिला असेल, तो याचाच भाऊबंद. नर्सरीत कुंडीत मिळणारा अझेलिया बहुतेक वेळा ‘इंडिका’ जातीचा असतो. नावात इंडिका असली तरी भारताशी त्याचं नातं नाही: चीनमधल्या रानटी झुडपापासून युरोपात, मुख्यतः बेल्जियममध्ये, हे संकर तयार झाले. आणखी एक गंमत अशी की ‘अझेलिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या ‘कोरडा’ या अर्थाच्या शब्दावरून आलाय. नाव ठेवणाऱ्यानं हे झाड एकदा मे महिन्यात नागपूरला आणून बघायला हवं होतं.

कामाची गोष्ट मुळांची. अझेलियाची मुळं केसांसारखी बारीक असतात आणि वरच्या वीतभर थरातच पसरतात. डोंगरातल्या जंगलात, कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत, ओलसर, आंबट गादीत वाढायची त्यांची सवय. मातीचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकी माती आंबट), ४.५ ते ६ असेल तेव्हाच या मुळांना लोह नीट घेता येतं. आपली काळी माती साधारण ७.५ ते ८.५ च्या घरात. तिच्यात लोह असतं, पण चुन्यामुळे ते अशा रूपात अडकून बसतं की मुळाला उचलता येत नाही. ताटात वाढलंय, पण तोंडाला कुलूप, असा प्रकार.

विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हे समजावून सांगावं लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात, हे त्यानं पाहिलेलं असतं. केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आपल्याच शहरात, अमरावती रोडवर आहे ती काही उगाच नाही. संत्रं तरी जंभेरीसारख्या चिवट खुंटावर डोळा भरून, म्हणजे कलम करून, वाढवतात. अझेलिया बिचारा स्वतःच्याच नाजूक मुळांवर उभा.

मातीची परीक्षा, स्वयंपाकघरातली

अंगणातली चमचाभर कोरडी माती वाटीत घ्या आणि वर थोडं व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. आमच्या अंगणातली माती सोड्यासारखी फसफसली. अशा जमिनीत गंधक टाकून पीएच खाली आणण्याच्या नादी लागू नका. जोवर चुना शिल्लक आहे तोवर तो गंधकातून तयार होणारं आम्ल गिळतच राहतो. शिवाय काळी माती पावसात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांबरोबर बारीक मुळंही तुटतात. खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तरी पावसाळ्यात तो खड्डा विहिरीसारखा भरतो आणि आजूबाजूचं चुन्याचं पाणी आत झिरपतं.

म्हणून माझं मत सरळ आहे: नागपुरात अझेलिया कुंडीतच. कुंडी उचलून हलवता येते, आणि पुढे मे महिन्यात हाच गुण झाडाचा जीव वाचवतो.

पाणी: सगळा खेळ इथेच आहे

मिश्रण कितीही छान केलं तरी रोज जड, म्हणजे क्षारांचं पाणी घातलं तर काही महिन्यांत कुंडी पुन्हा चुन्याची होते. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी तर नकोच. ज्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, नळाच्या तोंडाशी खडे साचतात, ते पाणी अझेलियाला विषासारखं. नळाचं पाणी त्यापेक्षा बरं, पण रोजच्या वापराचं नाही.

‘रात्रभर बादलीत ठेवलं की पाणी चांगलं होतं’ हे तुम्ही ऐकलं असेल. ते क्लोरीनपुरतं खरं. क्लोरीन उडून जातं, क्षार बादलीतच राहतात.

घरातल्या बाकीच्या पाण्यांचंही सांगून टाकते, कारण नागपूरच्या घरात पाण्याचे प्रकार फार. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी लोक झाडांना घालतात. जास्वंद, कडीपत्ता ते सोसतही असतील, पण त्या पाण्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त झालेले असतात. अझेलियाला चुकूनही नको. कूलरच्या टाकीचं उरलेलं पाणी त्याहून वाईट. उन्हाळाभर पाणी उडत राहतं, क्षार मागे साचतात. कूलरच्या ताट्यांवर जी पांढरी पपडी धरते ती आठवा. एसीच्या नळीतून थेंबथेंब पडणारं पाणी मात्र उलट. ते हवेतल्या बाष्पाचं, म्हणजे जवळजवळ बिनक्षाराचं. मे महिन्यात ड्रम तळाला गेला की मी एसीखाली बादली लावते. कोरड्या हवेत ते थोडंच मिळतं, तरी एका झाडाला हातभार लागतो.

आता ड्रमचा हिशेब. १० इंची कुंडीला एका वेळी साधारण पाऊण लिटर पाणी लागतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दिवसाआड धरलं तर ४५ लिटर. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत रोज लिटरभर, म्हणजे १०५ लिटर. झाले १५०. थोडं सांडणार, थोडं उडणार, म्हणून एका झाडामागे २०० लिटरचा एक ड्रम. तो भरायला फार पाऊसही लागत नाही. १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, तेव्हा १० चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटरची एकच चांगली सर आली की ड्रम भरला. नागपूरला वर्षाला १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाण्याची वाण नाही, साठवायची सवय नाही एवढंच.

दोन-तीन खबरदाऱ्या. मृगाचे पहिले काही पाऊस वाहून जाऊ द्या, त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. सिमेंटच्या नव्या स्लॅबवरून आलेलं पाणी घेऊ नका, त्यात चुना उतरतो. पत्रा किंवा ताणून बांधलेली ताडपत्री चांगली. ड्रमला झाकण हवं आणि पन्हाळीच्या तोंडाशी बारीक जाळी हवी, नाहीतर अझेलियासाठी साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतील आणि शेजारी भांडायला येतील, तेही बरोबरच. ड्रम सावलीत, गडद रंगाचा असला तर शेवाळ धरत नाही.

पावसाचं पाणी संपलंच तर नळाच्या पाण्यात लिंबूसत्व घालून काम भागवता येतं. १० लिटरला पाव चमचा घालून सुरुवात करा, ढवळा, पीएचच्या पट्टीवर तपासा. ५.५ ते ६ च्या मध्ये आलं की थांबा. पट्टी न लावता अंदाजानं घालू नका. प्रत्येक वस्तीतलं पाणी वेगळं. हा उपाय अडीअडचणीचा, कारण क्षार त्यानं निघून जात नाहीत, फक्त पाणी आंबट होतं.

आधी अनंत सांभाळून पाहा

बागकाम नवीन असेल तर पहिल्या वर्षी अझेलियाऐवजी अनंताचं एक रोप आणा. अनंतालाही आंबट माती आणि मऊ पाणी आवडतं, तोही पानं पिवळी करून तक्रार करतो आणि हवा कोरडी झाली की कळ्या गाळतो. पण तो दमाचा आहे, चूक सुधारायला वेळ देतो आणि किंमतही कमी. एका वर्षात तुमच्या अनंताची पानं हिरवीगार, चकचकीत राहिली तर अझेलियाकडे वळायला हरकत नाही.

कुंडी आणि मिश्रण

कुंडी उथळ आणि पसरट घ्या, १० ते १२ इंच तोंडाची. खोल कुंडीत खालचा भाग ओला राहतो, मुळं तिथवर जात नाहीत आणि तो कुजतो. खाली भोकं भरपूर हवीत.

मिश्रणात बागेची माती अजिबात नाही, चिमूटभरही नाही. मी वापरते ते असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), दोन भाग पाइनच्या सालीचे बारीक तुकडे, एक भाग परलाइट (मिश्रण मोकळं ठेवणारे पांढरे, हलके खडे), आणि कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड. पाइनची साल ऑर्किडसाठी म्हणून ऑनलाइन मिळते. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, मिळालं तर अर्ध्या कोकोपीटच्या जागी ते घाला, ते मुळातच चांगलं आंबट असतं, पण महाग. पाइनची साल नाहीच मिळाली तर दोन वर्षं कुजलेला पालापाचोळा चालवून घ्या, वर्षाच्या आत विरघळून दबणारा नको.

कोकोपीटची वीट तशीच भिजवून वापरू नका. नारळ समुद्रकाठचा, विटेत मीठ असतं. मोठ्या घमेल्यात भिजवून, पिळून, पाणी फेकून, पुन्हा भिजवून, असं तीनदा धुवा. शेवटचं पाणी पावसाचं असू द्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळावंसं वाटतंच. टाळलं की पानांच्या कडा करपतात.

काय घालायचं नाही तेही लक्षात ठेवा: चुलीची राख, हाडांचा चुरा, अंड्याची टरफलं, चुना लावलेल्या कुंडीतली जुनी माती, ताजं शेण. गांडूळखत मूठभर चालेल, पण पोत्यानं नको. तुरटी घालून माती आंबट करायचा सल्लाही मिळतो. तुरटीत अॅल्युमिनियम असतं, जास्त झालं तर मुळांनाच बाधतं. आणि चहाचा चोथा! तो कुजला की खत होतं, एवढीच त्याची कामगिरी. त्यानं चुन्याची माती आंबट होत नाही.

झाड घेताना

कालिम्पाँग-दार्जिलिंगकडची रोपं आपल्याकडच्या नर्सऱ्यांत साधारण नोव्हेंबरअखेर ते जानेवारीत दिसतात. ऑनलाइन मागवणारही असाल तर याच दिवसांत मागवा. फेब्रुवारीनंतर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. रुळायला वेळच मिळत नाही, तोवर एप्रिल येतो.

पूर्ण फुललेलं झाड डोळ्यांना मोहवतं, पण त्याची फुलं घरी आठवडाभरात संपतात. एक चतुर्थांश फुलं उमललेली, बाकी कळ्यांना नुसता रंग चढलेला, असं झाड निवडा. पानं उलटून पाहा. खाली काळे डांबरासारखे ठिपके किंवा बारीक जाळं असेल तर ठेवून द्या. कुंडी उचलून बघा. पिसासारखी हलकी लागली तर झाड कोरडं पडलेलं आहे आणि कळ्या गळणार. रंगांत मी पहिल्यांदा गुलाबी किंवा लाल घ्या म्हणेन. पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या उन्हाच्या झळीनं लगेच तपकिरी दिसतात, मन खट्टू होतं.

नर्सरीतला माळी मला म्हणाला होता, “मॅडम, हे झाड थंडीचं आहे, उन्हाळा नाही पाहत.” विकणारा माणूस इतका खरा बोलला म्हणून मी दोन झाडं घेतली.

हिवाळा: चैनीचे दिवस

घरी आणल्याबरोबर कुंडी बदलू नका. फुलं संपेपर्यंत आहे त्या कुंडीतच राहू द्या. सकाळचं दहा-साडेदहापर्यंतचं कोवळं ऊन आणि नंतर लखलखीत सावली अशी जागा द्या. पूर्वेची गॅलरी किंवा कडुलिंबाच्या झाडाची विरळ सावली उत्तम. नागपूरच्या थंडीची या झाडाला भीती नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथं पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आपण शेकोट्या पेटवल्या, अझेलियाला मात्र असलीच हवा लागते. कळी पूर्ण तयार झाल्यावर काही आठवडे गारठा मिळाला की ती नीट उमलते. म्हणून थंडीत झाड घरात आणून ‘ऊब’ देऊ नका.

पाणी घालण्याआधी बोट पेरभर आत घाला. वरचा थर नुसता ओलसर लागला की घाला, सुकायची वाट पाहू नका आणि चिखलही करू नका. काही दिवसांत कुंडी हातात उचलूनच कळायला लागतं. एखाद्या वेळी पाणी घालायचं राहिलं आणि कोकोपीट पूर्ण वाळलं तर वरून ओतलेलं पाणी कडेनं घरंगळून खाली निघून जातं, आत काहीच मुरत नाही. अशा वेळी सगळी कुंडी पावसाच्या पाण्याच्या बादलीत २० मिनिटं बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या.

मार्च: कात्री

फुलं सुकली की देठासकट खुडून टाका. फेब्रुवारीच्या शेवटाला किंवा मार्चच्या पहिल्या आठवड्यात लांब गेलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या छाटा. यापेक्षा जास्त नको, कारण पुढे उन्हाळा आहे आणि झाडाला पानं हवीत. जुलैमध्ये नव्या फुटव्यांचे शेंडे हलकेच खुडायचे, की फांद्या दाट होतात. ऑगस्ट लागला की कात्री ड्रॉवरमध्ये. पुढच्या हंगामाच्या कळ्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्यांवरच तयार होतात. दिवाळीची साफसफाई म्हणून ऑक्टोबरात झाड ‘गोल’ कापणारे माळी आहेत. ते झाड दिसतं सुबक आणि वर्षभर फूल देत नाही.

एप्रिल ते मृग: जीव वाचवण्याचे दिवस

आता खरी परीक्षा. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. दरवर्षी तितका जात नसला तरी ४४-४५ अंश आपल्याला नवे नाहीत. अझेलियाला ३० च्या वर गेलं की नकोसं होतं. त्यातही नुसत्या उष्णतेपेक्षा कोरडेपणा जास्त मारतो. मे महिन्याच्या दुपारी इथल्या हवेत ओल नावालाच उरते आणि पान जितकं पाणी उडवतं तितकं बारीक मुळं पुरवू शकत नाहीत.

मार्चच्या मध्यापासून थेट ऊन बंद, ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. एप्रिलमध्ये ७५ टक्क्यांची. जागा उत्तरेची. कुंडी गच्चीच्या स्लॅबवर ठेवू नका, स्लॅब रात्रभर खालून भाजतो. विटांवर किंवा लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

मुळं थंड ठेवायची युक्ती आपल्या घरातच आहे: रांजण. अझेलियाची प्लास्टिकची कुंडी एका मोठ्या, बिनरंगाच्या मातीच्या कुंडीत ठेवा. तळाला खापऱ्यांचा तीन बोटं थर द्या, म्हणजे आतली कुंडी पाण्यात बसणार नाही. मधल्या फटीत जाड वाळू भरा आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ भिजवा. मातीची भिंत पाझरते, पाणी उडतं आणि आतलं सगळं गार राहतं, माठातल्या पाण्यासारखं. फटीतल्या वाळूला नळाचं पाणी चालेल, कारण प्लास्टिकच्या भिंतीमुळे ते मुळांपर्यंत जात नाही. मात्र बाहेरच्या कुंडीची भोकं उघडी आहेत ना, हे पाहून घ्या.

कुंडीच्या वर दोन बोटं पाइनच्या सालीचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन घाला. माती हलवायची, खुरपायची नाही. मुळं अगदी वरच असतात. पाणी सकाळी लवकर. फार तापलं तर संध्याकाळी सहानंतर पुन्हा थोडं. भर दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच पाण्याचा मग घेऊन धावू नका. आधी बोट घाला. माती ओली असूनही पानं लोंबत असतील तर झाडाला सावली आणि ओली हवा हवी आहे, पाणी नाही. त्यात आणखी पाणी ओतलं की मुळं कुजतात. उन्हाळ्यात मरणारी बरीच झाडं अशी बुडून मरतात.

नवतपा लागला, म्हणजे २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणीत गेला, की नऊ दिवस माझी कुंडी घरात येते. कूलरच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीशी. कूलरचा झोत थेट अंगावर नको, खोलीतल्या गार, ओलसर हवेत नुसती असू द्या. घरच्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात, ‘आता झाडालाही कूलर!’ म्हणून. पण ज्या वर्षी हे केलं नाही त्या वर्षी अर्धी पानं गेली होती. कूलरच्या खोलीत नसेल जागा तर बाथरूमच्या उजेडाच्या खिडकीतही नऊ दिवस निघतात. या सगळ्या काळात खत शून्य, औषधाची फवारणी शून्य.

मेमध्ये पानं निस्तेज, वरून धुळकट ठिपक्यांची दिसली आणि खाली बारीक जाळं असलं तर तो लाल कोळी, रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या हवेत तो फार माजतो. पानांच्या खालच्या बाजूला पहाटे पाण्याचा बारीक फवारा रोज मारला की बराच कमी होतो. निंबोळी तेल फवारायचं तर पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात, संध्याकाळी, १ लिटरला ५ मिलिलिटर आणि भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. उन्हाळ्यात तेल फवारलं तर पान तळून निघेल.

पावसाळा: कुंडी बदला, रोपं करा

दोन-चार सरी होऊन हवा निवली की झाड आपोआप जागं होतं. पुस्तकं सांगतात की फुलं संपल्यावर कुंडी बदला. थंड प्रदेशात ते ठीक आहे. आपल्याकडे फुलं संपतात आणि उन्हाळा उभा राहतो, तेव्हा मुळं हलवणं म्हणजे आजाऱ्याला प्रवासाला नेणं. मी कुंडी जुलैत बदलते. झाड हळूच काढायचं, मुळांचा गठ्ठा बाहेरून बोटांनी थोडा मोकळा करायचा, एक-दोन इंच मोठ्या कुंडीत आधी होतं तितक्याच खोलीवर बसवायचं. खोड जास्त पुरलं की कुजलं.

सततच्या झडीत कुंडी आडोशाला घ्या. पावसाचं पाणी चांगलं असलं तरी आठ दिवस चिंब राहिलेली मुळं बुरशीनं सडतात. बशी ठेवत असाल तर काढून टाका. खत याच काळात, जुलै ते सप्टेंबर: दर तीन आठवड्यांनी १ लिटर पाण्यात १ ग्रॅम अमोनियम सल्फेट, तेही ओल्या मातीत. बारीक मुळांना जास्त खत मिठासारखं झोंबतं, म्हणून कमीच बरं.

जुलैतच दोन-चार काड्याही लावून ठेवा. यंदाच्या फुटव्याची, फार कोवळी नाही आणि फार लाकडीही नाही, अशी बोटभर काडी घ्या, खालची पानं काढा, धुतलेल्या कोकोपीट आणि परलाइटमध्ये खोचा आणि वर पारदर्शक पिशवी चढवा. सावलीत सहा ते आठ आठवड्यांत मुळं फुटतात. सगळ्या जगत नाहीत. एक जगली तरी पुढच्या मेचा विमा झाला.

पानं पिवळी पडली तर

कोणतं पान पिवळं, ते आधी पाहा. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, म्हणजे पाणी किंवा मिश्रण चुन्याकडे गेलं. पावसाच्या पाण्यानं कुंडी दोन-तीनदा भरपूर धुवून काढा आणि चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्या. पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं मिळालं तर तेच घ्या, ते जास्त पीएचमध्येही टिकतं. ‘ईडीटीए’वालं चुन्याच्या मातीत फारसं कामाला येत नाही. खालची जुनी चार पानं हिवाळ्याआधी पिवळी होऊन गळली तर काही करू नका, तो झाडाचा नेम आहे. कडा तपकिरी झाल्या तर क्षार किंवा कोरडी हवा. सगळं झाड एकदम मलूल, माती ओली आणि मुळं तपकिरी, मऊ असतील तर मूळकूज. मग काड्या वाचवा, झाडाची आशा सोडा.

एक गोष्ट मात्र विसरू नका: अझेलियाचं पान, फूल, मध, सगळंच विषारी असतं. घरात रांगतं मूल, कुत्रं, मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. वाड्यात शेळी असेल तर तिच्या तोंडापासून लांब. पहाडात बुरांशच्या फुलांचं सरबत करतात हे ऐकून याच्या पाकळ्यांचे प्रयोग करू नका.

दुसऱ्या वर्षी फुलं पहिल्यासारखी लगडतील अशी अपेक्षाही नको. नर्सरीवाल्यानं डोंगरातल्या गारठ्यात कळ्या धरवून आणलेल्या असतात, आपल्याकडे तेवढी थंडी मोजक्याच रात्री. माझ्या झाडाला दुसऱ्या हिवाळ्यात अकरा फुलं आली, तिसऱ्यात तीसेक. पोळा झाला, मारबतीची मिरवणूक निघून गेली की मी रोज सकाळी शेंडे चाचपून पाहते. पानांची कळी निमुळती आणि बारीक लागते, फुलाची थोडी फुगीर, बोटाला टणक. दिवाळीपर्यंत तो फरक लांबूनही दिसायला लागतो, आणि तोवर ड्रमही काठोकाठ भरलेला असतो.